हुप्पेआबांची हाक

एका जंगलात, बाळांनो, शोकांतिका बसवायचं ठरलं. शोकांतिका म्हणजे काय, ते मला कुणी शिकवलं नाही. शेवटी कुणीतरी मरतं आणि बघणारे समाधानाने घरी जातात, एवढंच मला ठाऊक.

गेल्या उन्हाळ्यात ठिपकी हरणीचं एक पाडस वाघाने नेलं होतं. त्यावर बुलबुलाने काव्य रचलं. सगळं पद्यात. नाटकातला वाघ, म्हणजे रानमांजर, तोसुद्धा पद्यात गुरगुरायचा.

तालमी घ्यायला कोल्हेमास्तर होते.

"आवाज बेंबीतून काढा," ते म्हणायचे. "आणि एकट्याने रडायचं नाही. एकाने श्वास घेतला की शेजाऱ्याने सूर धरायचा. विलाप तुटता कामा नये."

रानडुक्कर बेंबीतून आवाज काढायला गेलं, तो भलतीकडूनच निघाला. पण हळूहळू सगळे एका गळ्याने रडू लागले. हे किती अवघड, ते मला विचारा. आमच्या भजनात मी मागे बसून नुसतं तोंड हलवतो.

ठिपकीला मात्र वृंदात घेतलं नाही.

"मास्तर, पाडस माझं गेलंय," ती म्हणाली.

"म्हणूनच बाई. तुम्ही फार बेसूर रडता."

मग ती उरलेल्या पाडसाला घेऊन प्रेक्षकांत बसली.

वर झाडावर हुप्पेआबा होते. जंगलातलं सगळ्यांत जुनं वानर. वाघ दिसला की 'खॉक!' करून सगळ्यांना सावध करायचं, हे त्यांचं जन्माचं काम. नाटकातही त्यांना तेच दिलं होतं. मास्तरांनी बजावलं होतं, "आबा, चौथं कडवं संपल्यावरच. आधी ओरडलात तर सगळं मुसळ केरात."

प्रयोग सुरू झाला. दुसरं कडवं रंगात आलं आणि मागचं गवत हललं. वाघ. खराखुरा. सरळ पाडसाच्या रोखाने.

आबांच्या सुनेने त्यांना ढोसलं. "मामंजी, वाघ!"

"दिसतोय गं."

"मग ओरडा की!"

"अजून दोन कडवी आहेत."

"अहो, मेलं ना ते पाडस!"

"चौथ्यात मरतं ते. घाई करू नकोस."

एवढ्यात ठिपकीला वास आला. तिने किंकाळी फोडली. सुरात नाही, तालात नाही, पद्यात तर मुळीच नाही. पाडस उडालं. प्रेक्षक उडाले. वृंदही चारी वाटांनी उधळला. वाघाच्या पंजात नुसता पाचोळा आला. तो हात झटकून निघून गेला.

संध्याकाळी सगळे पुन्हा जमले. पाडस आईला लुचत होतं. कोल्हेमास्तर कपाळाला हात लावून बसले होते.

"तिसऱ्यात काय सूर लागणार होता!" ते म्हणाले.

जाणकार घुबडाने मान फिरवली. "शोकांतिका, आणि कुणीच मेलं नाही? पडला प्रयोग."

"माझी तर खॉक घशातच राहिली," हुप्पेआबा पुटपुटले. सगळ्यांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

ठिपकी बिचारी ओशाळली. "चुकलं माझं," म्हणाली. पण पाडसाला काही तिने पोटाखालून बाहेर येऊ दिलं नाही.

तात्पर्य: ज्याचं खरोखर काही जाणार आहे, त्याला शोकांतिकेत घेऊ नये. जमलं तर प्रेक्षकांतही बसवू नये. कलेचं फार नुकसान होतं.