सात वाट्यांचा तह

शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाख मासी, नागपुरी मानेवाड्याच्या तीन मजली इमारतीत दोन दौलतींमध्ये जो व्यापारी तह जाहला, त्याची हकीकत पदरची भर न घालता लिहिली ऐशी जे:

दुसऱ्या मजल्यावर सरिताबाईंचा अंमल. पुत्र राजश्री आयुषराव, उमर चार महिने, अहोरात्र जागरणाचे हुकूम जारी करीत, आणि खाविंद मोहितराव नोकरीच्या मोहिमेवर. तिसऱ्या मजल्यावर शोभाताई. दोन्ही लेकी परमुलखी, म्हणोन मांडी रिकामी आणि रांधणे मात्र चौघांचे. त्यांनी बाळंतिणीस्तव आधी डिंकाचे लाडू रवाना केले, मग आळीवाची खीर, मग संत्र्याची बर्फी, आणि ऐशा सात वाट्या खाली आल्या. वाटी रिकामी परत करू नये, हा पुरातन कायदा. बाईंस रांधावयास फुरसत नाही, तीन दिवस डोळ्यास डोळा नाही. व्यापारी तूट ऐसी वाढली की बाई जिना चुकवू लागल्या.

मग आठवी वाटी घेऊन शोभाताईंची खासा स्वारी उतरली, आणि ओट्यावर आपल्या सातही वाट्या अडकलेल्या पाहोन फर्मान जाहले, "काहून वं सरिता, आता वरण कढईत वाढू का मी?"

बाईंस रडू कोसळले. "रिकाम्या कशा देऊ ताई? लाज वाटून राहिली मले."

इतक्यात आयुषरावांनी हात लांब करोन ताईंचा पदर काबीज केला.

"मंग हा माल भरून दे नं!" ताई वदल्या.

तह ठरला. लेकरू चालू लागेतोवर वाट्या रिकाम्या जाव्या. बदल्यात आयुषरावांची निर्यात रोज दुपारी दोन ते चार, बिनजकात. भूक लागताच माल तात्काळ वापस. पहिल्या मजल्याच्या यमुताईंस खबर लागली, आणि आपला कूलर थोर या सबबीवर त्यांनीही सामील होण्याचा अर्ज गुदरला. शुक्रवार बहाल जाहला.

पहिल्या दिवशी सात वाट्या आणि आयुषराव वर रवाना जाहले. बाई आडव्या झाल्या. घर ऐसे निःशब्द की झोप येईना, मग पंचविसाव्या मिनिटास बाईंनी स्वहस्ते तह मोडिला आणि जिना चढोन गेल्या.

ताईंनी ओठांवर बोट ठेवोन दार उघडले. आयुषराव निद्रिस्त, आणि शेजारी दुसरी उशी आधीच मांडिलेली. तहनाम्यात हे कलम नव्हते.

बाई सहा वाजेतो निजल्या. फत्ते जाहली, हे येथे नमूद असे.