सिंकखालची चकचकीत पेटी

योगिनीवहिनींच्या खानावळीत ग्रीस ट्रॅप बसला तो मंगळवारी, आणि नोटिशीची मुदत संपत होती बुधवारी. रत्नागिरीत बंदराच्या रस्त्यावर असलेल्या त्या खानावळीत रोज साठ-सत्तर माणसं जेवत. तळलेल्या बांगड्यांचं तेल भांड्यांबरोबर गटारात जाई आणि गटार दर महिन्याला तुंबे. नगरपालिकेकडून तपासणीला आलेले पाष्टेसाहेब वयाने लहान, पण नियमाला पक्के. "सात दिवसांत ट्रॅप बसवून चालू करा," त्यांनी बजावलं होतं. "नाहीतर मला नाइलाजाने कुलूप लावावं लागेल."

भिवा प्लंबरने स्टीलची पेटी आणली. भांडी घासणाऱ्या कमळाबाईंनी तिच्यावर बोट वाजवून पाहिलं.

"ह्यात काय ठेवायचा?"

"ठेवायचा काय नाय, मावशी. खरकटा पानी हिच्यात थांबता, त्याल वर तरंगता नि नुसता पानी म्होरं जाता. आठवड्यानं झाकान काढायचा नि त्याल उपसायचा."

"म्हंजे भांडी घासून झाली की आता पेटी घासायची," कमळाबाईंना मुद्दा कळला.

दुपारभर भिवा सिंकखाली उताणा पडून होता. सांधे बसवले, सगळीकडून सील लावलं आणि "रातभर सुकू दे, सकाळी चालू करा," असं सांगून तो गेला.

बुधवारी सकाळी कमळाबाईंनी नळ सोडला. सिंक भरलं, पाणी काठापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं.

"वयनी, पानी खाली जात नाय वो!"

वहिनींनी भिवाला फोन लावला. तो जयगडच्या एसटीत होता. मागे कंडक्टरचा आवाज येत होता.

"बोळा!" भिवा एकदम ओरडला. "काम करताना वरनं पानी गळत होता, म्हनून पाइपात बोळा कोंबलेला. काढायचा ऱ्हायला वाटतं!"

"मग मी काढू?"

"नको नको! सांधा उघडलात तर सगळा परत करायला लागंल. सांजच्याला येतो मी."

फोन बंद झाला. अकरा वाजले होते, सुरमईला मसाला लागला होता आणि घासायला जागाच नव्हती. क्षणभर वहिनींना वाटलं, आजच्या दिवस खानावळ बंदच ठेवावी. पण मग मुदतीच्या शेवटच्या दिवशी स्वतःच्या हाताने कुलूप लावल्यासारखं झालं असतं. कमळाबाईंना सिंकमधलं पाणी उपसायला लावून त्यांनी कोयता घेतला आणि ताटं घासायलाच नकोत म्हणून मागच्या केळी निम्म्या बोडक्या केल्या.

दुपारी गिऱ्हाइकं आली ती पानं बघून हरखली.

"आज काय विशेष, वहिनी?"

"सहजच," वहिनी म्हणाल्या.

जो तो मांडी घालायला जागा शोधू लागला आणि भाताला आळं करून जेवू लागला. दोघांनी तर फोन करून आणखी चौघांना बोलावलं. गर्दी ऐन भरात असताना दारात पाष्टेसाहेब उभे राहिले.

"ट्रॅप चालू झाला?"

"बसलाय, साहेब. म्हणजे त्याचं असं आहे की..."

साहेब तोवर सिंकपाशी पोचलेही. खाली वाकून त्यांनी झाकण काढलं आणि बराच वेळ आत बघत राहिले. आत त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता.

"एवढी गर्दी, आणि तेलाचा एक थेंब नाही! किती वेळा साफ करता?"

"आमी त्येला हातच लावत नाय," कमळाबाई खरं तेच बोलल्या.

"ही नम्रता झाली," म्हणत साहेबांनी चार बाजूंनी फोटो काढले आणि जागच्या जागी मोठ्या साहेबांना पाठवून दिले. मग कुठे वहिनींना बोलायला सवड मिळाली. त्यांनी बोळ्यापासून केळीच्या पानापर्यंत सगळं सांगून टाकलं.

साहेब काही बोलणार इतक्यात त्यांचा फोन वाजला. "हो सर... हो, चालू आहे... म्हणजे... हो." फोन खिशात ठेवताना त्यांचा चेहरा उतरला होता.

"मोठे साहेब सोमवारी बघायला येणार आहेत. गावातल्या सगळ्या हॉटेलवाल्यांना घेऊन." त्यांनी आवाज खाली आणला. "वहिनी, सोमवारपर्यंत तो बोळा तसाच ठेवता येईल का?"

वहिनींनी गल्ल्याच्या ड्रॉवरमधून नोटीस काढून त्यांच्यापुढे ठेवली. "ठेवते की. फक्त 'ट्रॅप वापरू नये' एवढं ह्यावर लिहून सही करा."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. नोटीस वाचली. टोपण परत लावलं.

"संध्याकाळी बोळा काढा," ते म्हणाले. "बाकी मी बघतो."

सोमवारी सकाळी सात वाजता खानावळीच्या दारात एक मोटरसायकल उभी राहिली. मोठे साहेब यायला अजून तीन तास होते. पाष्टेसाहेब बाह्या वर करून सिंकखाली कोपरापर्यंत हात पेटीत घालून बसले होते. पाच दिवसांचं बांगड्याचं तेल बादलीत पडत होतं, आणि कमरेवर हात ठेवून कमळाबाई उभ्या होत्या.

"तेवढा तो डावा कोपरा ऱ्हायला बगा, सायेब."