हिगुमारोच्या पट्टीखाली

मृणालीची आणि रुखसारची कट्टी झाली, हे मला डब्यावरून कळलं. मी रोज चार घावणे देते, दोन हिचे, दोन रुखसारचे. त्या दिवशी दोन परत आले. मी एक तोडून चाखून बघितला. मीठ बरोबर होतं. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

आता कोणी म्हणेल, चौथीतल्या पोरी, आज कट्टी, उद्या बट्टी. पण आम्ही जूनमध्येच रोह्याहून पेणला राहायला आलो. रोह्यात मृणालीला आळीभर मैत्रिणी होत्या. पेणमध्ये एकच, खालच्या मजल्यावरची रुखसार. रिक्षात तीच, बाकावर तीच. ती तुटली की माझी पोर एकटी पडणार, एकटी पोर घुमी होणार आणि घुमी पोर मोठेपणी आईला फोन करत नाही. (दोन घावण्यांपासून वृद्धाश्रमापर्यंत मी साधारण कुकरच्या तीन शिट्ट्यांत पोचते.) त्यात तिचा वाढदिवस पंधरवड्यावर आलेला, आणि बोलवायच्या मैत्रिणींची संख्या एकावरून शून्यावर.

"झालं तरी काय?" मी विचारलं.

"ती म्हणते, हिगुमारोचे डोळे कोणी बघितलेलेच नाहीत. मी बघितलेत."

"कुणाचे?"

मृणालीने माझ्याकडे अशी नजर टाकली, की मला माझी बी.एस्सी.ची डिग्री परत करावीशी वाटली.

तर हिगुमारो. हा एक जपानी पोरगा आहे आणि तो भुतांना पार्सलं पोचवतो. माणसं जिवंत असताना त्यांच्यापर्यंत पोचायची राहून गेलेली पार्सलं. त्याच्या डोळ्यांवर कायम एक पांढरी पट्टी असते. मृणाली त्याची सिरीयल बघते. (सिरीयल म्हणायचं नाही. 'ॲनिमे' म्हणायचं.) रुखसार तीच गोष्ट पुस्तकात वाचते. ती पुस्तकं तिचे अब्बा दुबईहून आणतात. (चित्रांचं पुस्तक म्हणायचं नाही. 'मांगा' म्हणायचं.) मूळ गोष्ट पुस्तकातली. त्यावरून सिरीयल निघाली, आणि एकदा नव्हे, दोनदा. पुस्तक अजून चालूच आहे आणि त्यात पट्टी एकदाही निघालेली नाही. पहिल्या सिरीयलवाल्यांना तेवढा धीर निघाला नाही, त्यांनी पट्टी सोडली आणि खाली निळे डोळे दाखवले. दुसऱ्या सिरीयलवाल्यांनी सोडली, तर खाली सोनेरी निघाले.

एवढ्यावरून माझ्या पोरीचं एकुलतं एक मैत्र मोडलं होतं.

संध्याकाळी रुखसारची आई अमीना कोथिंबीर मागायला वर आली. कोथिंबीर तिच्या हातातच होती. "तुझी पण रुसलीय का गं?" तिने विचारलं. मी मान हलवली. अमीना शांत बाई आहे. नवरा दुबईला, घरात सासरे, दीर, पाहुणे, आणि ती कोणावर आवाज चढवत नाही. मला तिचा हेवा वाटतो.

"आपण आधी बघून घेऊ, खरं काय ते. मग दोघींना समजावू," मी म्हणाले. हा माझा एवढासा निर्णय. पुढचं सगळं त्यातून झालं.

मी तिच्याकडून पहिला भाग नेला आणि एका दुपारीत वाचून काढला. मला फारच आवडला. दुसऱ्या दिवशी मी अमीनाला गोष्ट सांगितली: "अगं, तो भुतांच्या घरी जातो, त्यांच्या हातातली पार्सलं काढून घेतो आणि पोस्टात परत नेऊन टाकतो. म्हातारी भुतं आधी हसत असतात, मग रडायला लागतात. जरा क्रूर आहे, पण धंद्याचं वास्तव दाखवलंय." (आमच्या गल्लीतल्या कुरियरवाल्याचा मला अनुभव होता, त्यामुळे शंका आली नाही.)

अमीना पदराने डोळे पुसेपर्यंत हसली. "नमिता, तू शेवटाकडून वाचलंस! हे उजवीकडून उघडायचं."

तिला लहानपणापासून उर्दू येतं. तिने पुस्तक हातात घेतलं तेच बरोबर बाजूने. मी बी.एस्सी.

त्यामुळे कामाची वाटणी आपोआप झाली. पुस्तकं अमीनाने वाचायची, दोन्ही सिरीयली मी बघायच्या आणि रोज जिन्यात भेटून ताळा करायचा. हे सगळं फक्त पोरींसाठी, हे मी पहिले चार दिवस प्रामाणिकपणे म्हणू शकते.

पाचव्या दिवशी माझी आमटी करपली. दुसऱ्या सिरीयलच्या सातव्या भागात हिगुमारो एका म्हातारीला तिच्या मेलेल्या नवऱ्याने कधीकाळी पाठवलेला चष्मा पोचवतो आणि मागे ती बासरी वाजते, तेव्हा गॅसकडे कोण बघणार? मी ओल्या डोळ्यांनी जिन्यात गेले. "चष्म्याचा भाग बघितला," मी म्हणाले.

"वाचला," अमीना म्हणाली. "पण चष्मा नाही. पुस्तकात ते रिकामं पाकीट आहे."

"रिकामं? मग त्यात रडण्यासारखं काय?"

"रिकामं आहे, तेच."

त्या दिवशीचा ताळा अर्ध्यावरच राहिला.

प्रणित, म्हणजे माझा नवरा, कंपनीतून आला की मी त्याला हे सगळं सांगायचे. त्याने जेवता जेवता निकाल दिला. "आपल्या लग्नाचा अल्बम आहे ना, तसं ते पुस्तक. आणि व्हिडिओ दोन आहेत, एक रोह्याकडच्यांनी काढलेला, एक पेणकडच्यांनी. लग्न एकच. पण तुमच्या व्हिडिओत माझे काका दिसत नाहीत आणि आमच्या व्हिडिओत तुझी आत्या रुसलेलीच दिसते."

"खरं कोणतं मग?"

"आमटी करपलीय," तो म्हणाला. "हे खरं."

पण त्याने काका म्हटलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. प्रणितचे चुलते पोपटकाका हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात आखणी करतात. म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचं काम. पंचक्रोशीत त्यांच्या हाताचं नाव आहे, आणि ते पंचक्रोशीला माहीत नसेल तर ते स्वतः सांगतात. मी ठरवलं, वाढदिवसाला हिगुमारोची मूर्ती करून घ्यायची. कपडे सिरीयलसारखे रंगीत, म्हणजे मृणाली खूश. डोळ्यांवर पुस्तकातल्यासारखी पट्टी, म्हणजे रुखसार खूश. मध्ये केक, दोन्ही बाजूंना दोघी. माझ्या कल्पनेत त्या एकमेकींना मिठी मारून माझ्याकडे बघत होत्या.

अमीनाला विचारलं. तिने होकार दिला. "पट्टी राहू दे म्हणजे झालं."

मी रिक्षा करून हमरापूरला गेले. गणपती नुकतेच होऊन गेल्यामुळे कारखान्यात जरा उसंत होती. मोबाईलवर चित्र दाखवलं. पोपटकाकांनी चष्मा वर केला, खाली केला.

"याचे डोले कुठं हायेत गो, सूनबाय?"

"पट्टीखाली आहेत, काका."

"आंधला हाय?"

"नाही. त्याला दिसतं."

"दिसतं तर पट्टी कशाला गो?"

"ते अजून कोणालाच माहीत नाही."

"ज्यानं काढलाय त्याला पन?"

"त्याला असेल. पण तो सांगत नाही."

काकांना हा धंदा पटला नाही. "मावळ्याचा साचा हाय. मिशी पुसतो, तलवारीच्या जागी खोका देतो. होईल."

"काका, फक्त डोळे नको हं. पट्टी."

"पट्टी बांधतो म्हटलं ना. तू जा, तुझ्या पोराटोरांचा सयपाक कर."

मी निश्चिंत झाले. (मी निश्चिंत होते तेव्हाच घरातल्यांनी सावध व्हायला हवं.)

वाढदिवसाच्या दिवशी प्रणित मूर्ती आणायला गेला. स्कूटरवर काका मागे बसले, मांडीवर हिगुमारो, आणि कारखान्याच्या सवयीप्रमाणे तोंडावर रुमाल टाकलेला. बाजारात लोकांनी वाट सोडली. एकाने विचारलं, "यंदा उशिरा आणलात?" दुसरा ओरडला, "गणपती बाप्पा!" आणि प्रणित, तो काय करणार, सवयीने "मोरया" म्हणाला.

घर भरलं होतं. मृणालीच्या वर्गातली सात-आठ पोरं मीच फोन करून बोलावली होती. अमीनाने बिर्याणीचं पातेलं आणलं होतं आणि रुखसारला हाताला धरून आणलं होतं. मृणाली सोफ्याच्या एका टोकाला, रुखसार दुसऱ्या टोकाला, दोघी पंख्याकडे बघत होत्या. आता किंवा कधीच नाही. मी टाळ्या वाजवल्या आणि रुमाल काढला.

पट्टी होती. कपाळावर. फेट्यासारखी, मागे छान गाठ मारलेली.

आणि पट्टीखाली दोन डोळे होते. गणपतीचे. मोठे, ओलसर, किंचित हसरे, खोलीत कुठेही उभं राहा, तुमच्याकडेच बघणारे.

सगळ्यात आधी आमच्या सासूबाईंनी हात जोडले. "जमिनीवर नको गो ठेवू, पाट आण पाट!" त्या म्हणाल्या आणि हळदकुंकू आणायला आत गेल्या. दोन पोरांनी गुपचूप चपला बाहेर नेऊन ठेवल्या. एकाने अर्धं खाल्लेलं चॉकलेट मूर्तीपुढे ठेवलं.

"काका, डोळे नको म्हटलं होतं ना!"

"माझ्या हातून आंधली मूर्त कारखान्याबाहेर जात नाय," पोपटकाका म्हणाले. "आनि डोल्यांवर पट्टी बांधली तर याला पत्ता दिसंल कसा? नागोठण्याचं पार्सल रोह्याला द्यायचा."

मी मृणालीकडे बघितलं. तिचं तोंड उघडं होतं. रुखसारचंही उघडं होतं.

"हा हिगुमारो नाहीच!" दोघी एकदम ओरडल्या.

मग त्यांनी एकमेकींकडे बघितलं. रुखसारच्या नाकातून एक आवाज आला. मृणालीच्याही आला. आणि मग दोघी सोफ्यावरून खाली घसरून, पोट धरून, एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. "तो बघ, तो बघ, तुझ्याकडे बघतोय!" "आशीर्वाद देतोय पार्सलला!" "आंटीने काय केलंय हे!" "आईला काही कळत नाही गं, तिने पुस्तक उलटं वाचलेलं!"

मला रडूच आलं. काम झालं होतं. माझ्या मूर्खपणामुळे झालं होतं, पण झालं होतं. मी भरल्या डोळ्यांनी अमीनाकडे वळले.

अमीना मूर्तीच्या अगदी जवळ जाऊन वाकून बघत होती.

"नमिता," ती हळूच म्हणाली, "बुबुळांत सोनेरी रंग आहे."

"असेल. काका सगळ्याच मूर्तींना देतात."

"दुसऱ्या सिरीयलमध्ये सोनेरीच आहेत ना? तुझ्या आवडत्या?"

"अगं, शपथ घेते, मी सांगितलं नव्हतं." इथे थांबायला हवं होतं. शहाण्या बाईने इथे वेफर्स वाढायला घेतले असते. "पण आहेत तर सोनेरीच ना, शेवटी!"

"पुस्तकात नाहीत."

"पुस्तक संपलंय कुठे?"

"म्हणून मग मनाला येईल ते दाखवायचं? ज्याने लिहिलं त्याला जास्त कळतं की तुझ्या टीव्हीवाल्यांना?"

"तुझ्या पुस्तकात तो हलत तरी नाही, अमीना! बासरी नाही, काही नाही! मी त्या चष्म्याला रडले!"

"मी पण रडले! बासरीशिवाय! रिकाम्या पाकिटाला!"

कोणावर आवाज न चढवणारी अमीना. तो आवाज खाली तिच्या दिरापर्यंत गेला. तिने पातेल्यातली उरलेली बिर्याणी माझ्या परातीत ओतली, कारण अन्नावर राग नाही, आणि रिकामं पातेलं घेऊन जिना उतरली. सासूबाई हिगुमारोपुढे उदबत्ती लावत होत्या. पोरी केक खात होत्या, एकाच ताटलीतून.

दुसऱ्या दिवशी मी चार घावणे मृणालीबरोबर खाली पाठवले, दोन रुखसारचे, दोन अमीनाचे. दोन परत आले. मी चाखून बघितले नाहीत. मिठाचा प्रश्न नव्हता.

आठवडा झाला. जिन्यात भेटलो की आम्ही दोघी पायऱ्या मोजल्यासारखं खाली बघतो. हिगुमारो देवघराशेजारी बसलाय आणि मी चोरून पहिली सिरीयल पुन्हा बघायला लागले की माझ्याकडे बघतो. पोरी मात्र दिवसभर एकत्र, आणि आमच्याकडे बघून कुजबुजतात.

काल रविवारी प्रणित दोघींना घेऊन हमरापूरला गेला. दुपारी पोपटकाकांचा फोन आला.

"सूनबाय, पोरी आल्यात. तुझी नि अमीनाची मूर्त पायजे म्हनतात. एकमेकींच्या गल्यात हात घातलेली."

एवढ्याशा पोरी! वृद्धाश्रमाचा विचार मी त्याच क्षणी रद्द केला. "करा, काका," मी म्हणाले. "फक्त या वेळी त्या सांगतील तस्संच करा. तुमच्या मनाचं काही नको."

"तसंच करतो गो. दोगींना पट्टी बांधा म्हनतात."

"डोळ्यांवर?"

"नाय," काका म्हणाले. "तोंडावर."