पंचाक्षरी अण्णांचा मासा

मासे खाण्याच्या दुष्परिणामांवर व्याख्यान ठेवायची कल्पना खुद्द पंचाक्षरी अण्णांची होती. मन्नाएखेळ्ळीत दर सोमवारी सगळ्या गावाला जेवू घालणाऱ्या दासोह समितीचे ते अध्यक्ष. गावात शाकाहारी माणसं पुष्कळ, पण अण्णांचा शाकाहार फार बोलका. मासळीवाल्यानं बाजारात टोपली कुठं मांडावी, हेही तेच ठरवायचे. महिनाअखेरीला समितीची नवी निवड होती. त्याआधी गावाला एकदा शाकाहार शिकवून ठेवलेला बरा, असं त्यांना वाटलं.

बिदरहून डॉक्टर नेत्रावती आल्या. बाई भलत्याच प्रामाणिक निघाल्या. मासा वाईट, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. नीट शिजवा आणि खुशाल खा, म्हणाल्या. मात्र गोड्या पाण्यातला मासा कच्चा किंवा अर्धाकच्चा खाल्ला, तर काही मुलखांत त्यातून चपटे कृमी पोटात जातात. ते यकृताच्या पित्तनळ्यांत बिऱ्हाड करतात आणि वर्षानुवर्षं हलत नाहीत. नळ्या सुजतात, क्वचित गोष्ट कर्करोगापर्यंत जाते. लिंबू, मीठ, मसाला, कशालाही ते दाद देत नाहीत, चांगल्या आचेवरच मरतात. आपल्या भागात हा आजार जवळपास ऐकिवात नाही, हेही त्यांनी सांगितलं, पण तोवर अध्यक्षांचा हात उजव्या बरगडीखाली गेला होता.

अण्णांना दमा होता. मृगाला दम्यावर औषध भरलेला जिवंत मासा गिळायचा, आणि शाकाहारी असेल त्यानं तेच औषध गुळातून घ्यायचं, ही जुन्या हैदराबाद मुलखातली चाल. यंदा अण्णा बायकोला, निलम्माला, घेऊन राज्याच्या हद्दीपलीकडच्या एका वैद्याकडं गेले होते. तिथं माशाची रांग भराभर सरकत होती. गुळाची रांग मात्र कडूलिंबाला वळसा घालून पार शेतात गेली होती, कारण अर्ध्या बिदर जिल्ह्याचा शाकाहार तीत उभा होता. ऊन, धूळ, त्यात धाप. अण्णांनी निलम्माला सावलीत बसवलं, तत्त्व तिच्याशेजारी ठेवलं आणि आखूड रांगेत शिरले. बोटाएवढा मासा वळवळत घशाखाली गेला. दमा होता तिथंच राहिला.

या गोष्टीला महिना उलटून गेला होता. व्याख्यानानंतर अण्णांनी डॉक्टरांना गाडीपाशी गाठलं आणि आपल्या एका पाव्हण्याची अडचण सांगितली. पाव्हण्याचा शौचाचा नमुना तपासून घ्या, एवढंच बाई म्हणाल्या.

गावातली तपासणीची खोली दीपमाला चालवायची. अण्णांनी आपलाच नमुना पाव्हण्याचा म्हणून तिच्याकडं दिला. पाव्हण्याचं नाव काय, असं तिनं विचारलं. अडचणीत सापडले की अण्णांना नेहमी एकच नाव आठवायचं, तेच तोंडातून गेलं. "शिवशंकर." खताचे व्यापारी शिवशंकर समितीचे उपाध्यक्ष होते. अध्यक्षपदाची वाट बघता बघता त्यांना टक्कल पडलं होतं. दीपमाला मुळात कामसू. ती रिपोर्ट थेट शिवशंकरांच्या दुकानात देऊन आली. त्यावर लिहिलं होतं, माशाचे कृमी नाहीत, पोट निर्मळ.

संध्याकाळी शिवशंकर अण्णांच्या कापडदुकानात आले आणि त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. अण्णांनी देवाचं नाव घेतलं. शिवशंकरांनी मात्र हात जोडले.

"अण्णा, उपकार झाले. त्या माशाच्या रांगेत मी तुमच्या मागंच होतो. मला वाटलं, तुम्ही बघितलंच न्हाई. व्याख्यान ऐकल्यापासनं झोप न्हाई मला. आता जीव भांड्यात पडला. पन एक इचारतो, माझा नमुना तुम्ही आणलाव कुठनं?"

अण्णांना खरं सांगावं लागलं. शिवशंकरांचं तोंड उतरलं. हातात निर्मळ कागद होता, पण पोट बिनतपासणीचंच राहिलं होतं. मग त्यांच्यातला व्यापारी जागा झाला.

"असं करू. उद्या माझा नमुना तुमच्या नावानं द्यायचा. कुणाचंच काही अडत न्हाई."

नाही म्हणायला अण्णांकडं तोंड नव्हतं.

हाही रिपोर्ट दीपमालानं घरपोच केला, तो निलम्माच्या हातात. याही पोटात माशाचे कृमी नव्हते. साधे जंत होते. कच्चा भाजीपाला नीट न धुता खाल्ला की होतात, गोळी घ्या, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. अण्णांना तर हर्षच झाला. भाजीचे जंत! शाकाहाराचा याहून पक्का पुरावा कोण देणार? त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, परकर मोजून देता देता, आपले जंत ऐकवले.

निलम्माची मेथीची पचडी म्हणजे दासोहाची शान. कच्ची मेथी, कांदा, शेंगदाण्याचं कूट. माणसं तिच्यासाठी दोन भाकरी जास्त खायची. सोमवारच्या आदल्या दिवशी शेजारच्या ईरम्माकरवी दासोहाच्या बायकांचा निरोप आला, या खेपेला अक्कांनी पचडी करू नये, नुसतं येऊन बसावं. मेथी पाण्यामागून पाण्यात धुणारी निलम्मा चुलीपुढं बसून रडली. अण्णांनी तिला इतकं रडताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना खरोखर वाईट वाटलं, आणि त्या भरात त्यांनी जंत कुणाचे इथपासून मासा कुणाच्या पोटात गेला इथपर्यंत सगळं सांगून टाकलं.

निलम्मानं डोळे पुसले. "माशाचं मला त्याच दिवशी कळलंय. येताना बसमधी तुमच्या तोंडाला तळ्याचा वास यायला होता. दमा जाईल म्हणून मी गप बसले. पन माझ्या मेथीत किडे हायेत म्हणायलंय गाव, ते मी ऐकून घ्यायची न्हाई. समितीत उभं ऱ्हाऊन सांगा."

"अध्यक्षपद जाईल की गं."

"जाऊ द्या. मेथी ऱ्हाईल."

निवडीच्या दिवशी अण्णा उभे राहिले आणि त्यांनी मासा, रांग, नमुना, सगळं सांगितलं. शिवशंकरांचंही सांगितलं.  काही मंडळी उगाच छताच्या पंख्याकडं बघत बसली.  शिवशंकरांनी नुसता खिशातला रिपोर्ट काढून शेजाऱ्याच्या हातात दिला. तो सभाभर फिरला. शिवशंकर, माशाचे कृमी नाहीत, पोट निर्मळ. माणूस खोटं बोलतो, शिक्क्याचा कागद कशाला बोलेल? अण्णांचे जंत माशाच्या खात्यावर टाकून सर्वांनी निलम्माच्या पचडीची माफी मागितली, अण्णांना मासेखाऊ ठरवलं आणि शिवशंकरांना एकमतानं अध्यक्ष केलं.

निवडीनंतरच्या सोमवारी पंगत बसली. हार गळ्यात तसाच ठेवून नवे अध्यक्ष पहिल्या पाटावर बसले होते. अण्णांना दाराजवळची जागा मिळाली होती. निलम्मा पचडीचं पातेलं घेऊन वाढत वाढत अध्यक्षांपाशी आली. त्यांनी आधीची पचडी संपवून पुन्हा ताट पुढं केलं होतं आणि घास तोंडात होता. तिनं वाकून, अगदी मायेनं, पण दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

"जंताची गोळी घेतलाव का, शिवशंकर अण्णा?"

"व्हय अक्का, सकाळीच घेतली," अध्यक्ष म्हणाले, आणि सगळी पंगत चावायची थांबली.