अनुक्रमांक दोनशे सतरा

आपल्या अर्जाशिवाय भिलाईतल्या रिसालीत नळाला पाणीसुद्धा येत नाही, असं मारोतरावांचं स्वतःबद्दलचं ठाम मत होतं. ते अगदीच खोटं होतं असंही नाही. पोलाद प्लांटच्या टाइम ऑफिसात हजेऱ्या मांडत चौतीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून मोहल्ल्यासाठी अर्ज लिहू लागले. गल्लीतले दिवे त्यांच्या अर्जावर लागले. शाळेपुढचा गतिरोधक त्यांच्याच अर्जावर बसला, आणि तो इतका उंच बसला की कमी करा म्हणून दुसरा अर्जही त्यांनाच लिहावा लागला.

पद्धत ठरलेली होती. अर्ज हिंदीत, कारण साहेब लोकांना मराठी वाचता येत नाही. पहिल्या पानावर मजकूर आणि मागे सह्यांची पानं, त्यांवर अनुक्रमांक, नाव, घर नंबर, सही. रविवारी विहारातली वंदना संपली की दाराजवळच्या टेबलावर ही मागची पानं मांडायची आणि सुतळीला बांधलेला पेन ठेवायचा. लोक चपला पायात सरकवता सरकवता सही करून जात. मजकुराचं पान मारोतरावांच्या फाइलीत राही. ते कुणी कधी मागितलं नाही. काकांचा कागद आहे म्हणजे आपल्या भल्याचाच असणार!

मोहल्ल्याचा मुलींचा कबड्डी संघ होता आणि अध्यक्ष अर्थातच मारोतराव. संघ म्हणजे खरं तर एकटी दीक्षा, रेल्वेत ट्रॅकवर काम करणाऱ्या लहानू मेश्रामांची मुलगी. तिच्या चढाईच्या जोरावर रिसालीनं सलग चार वर्षं कुरुदच्या संघाला अंतिम सामन्यात लोळवलं होतं. ती नऊ वर्षांची असल्यापासून मारोतरावांनी तिला स्कूटरवर मागे बसवून दुर्ग, राजनांदगावची मैदानं दाखवली होती. पोटच्या मुलाच्या लग्नात ते रडले नाहीत. दीक्षाची जिल्हा संघात निवड झाली तेव्हा मात्र रडले आणि डोळ्यांत माती गेली म्हणून सांगितलं.

तर एका गुरुवारी चहाच्या ठेल्यावर संघाचा सचिव विक्की म्हणाला, "काका, दीक्षा तो गई. आता कुरुदकडून खेळणार हाय."

"कोन म्हणते?"

"मोबाइल पे फोटो है ना. उनकी जर्सी में."

मारोतराव चपला न काढताच घरात शिरले. "नऊ वर्षं, कमला! अन् पोट्टीनं मले सांगतलं बी नाही."

कमलाबाई मेथी निवडत होत्या. "सांगाले आली होती ना, दोनदा. पहिल्यांदा तुमी तिले दिव्याच्या अर्जाचा किस्सा सांगून राहिले होते. दुसऱ्यांदा बी तोच. बिचारी दोनी वेळा चहा पिऊन गेली."

"मंग मधात बोलाचं."

"तुमच्या मधात कोन बोलते? राज्याची निवड मॅटवर होनार हाय. आपल्याकडं माती, कुरुदले मॅट. तिले सराव नको का?"

मारोतरावांनी हे ऐकलं, पण आत शिरू दिलं नाही. त्यांना फक्त दुखत होतं, आणि दुखलं की ते अर्ज लिहीत. जिल्ह्याच्या कबड्डी समितीला त्यांनी दीड पानी अर्ज लिहिला, "सविनय निवेदन है कि" पासून "विश्वासघात" पर्यंत. मागणी एकच होती, या खेळाडूला वर्षभर दुसऱ्या कुठल्याही संघाकडून खेळू देऊ नये.

रविवारी टेबलावर पानं मांडली गेली. मारोतराव विहाराच्या पायरीवर चार-पाच जणांना गोळा करून विश्वासघाताचे प्रकार समजावत होते, त्यामुळे सह्या कोण कोण करून गेलं ते त्यांनी पाहिलं नाही. चारशे सतरा सह्या झाल्या. एवढ्या तर गतिरोधकालाही झाल्या नव्हत्या. सोमवारी सकाळी त्यांनी मजकूर जोडून पानं समितीत जमा केली, आणि त्याच भरात मोहल्ल्याच्या ग्रुपवर सहा मिनिटांचा आवाजी संदेश टाकला. शेवटी शेवटी तर ते खरोखरच रडले होते. तिथंच सगळं बिघडलं.

दुपारी विक्कीनं दीक्षाला ग्रुपमधून काढलं. संध्याकाळी चौकातल्या तिच्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर तिच्या तोंडावर कुणीतरी कोचिंग क्लासचं पत्रक चिकटवलं. मंगळवारी पोरं तिच्या सायकलमागे "कुरुद, कुरुद" ओरडत धावली. महिला मंडळानं ठराव केला की जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम पथकाच्या पुढे ती चालणार नाही. लहानूला लोक ड्यूटीवर गाठून विचारू लागले, पोरीला विकलं का म्हणून. पहिले दोन दिवस मारोतरावांना आपल्या शब्दाचं वजन पाहून बरं वाटलं. बुधवारी पहाटे दूध आणायला निघाले तर दीक्षा समोरून येत होती, तोंडाला स्कार्फ गुंडाळून. भिलाईत पोरी उन्हासाठी स्कार्फ बांधतात, पण अजून सूर्यही उगवला नव्हता. ती मान खाली घालून निघून गेली.

दूध न घेताच मारोतराव परतले. "एवढं करा असं मी कुठं बोल्लो होतो?" ते कमलाबाईंना म्हणाले.

"सहा मिनिटं बोल्ले तुमी," कमलाबाई म्हणाल्या.

गुरुवारी समितीचं उत्तर आलं. सरकारी काम इतक्या वेगानं होताना मारोतरावांनी चौतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. लिहिलं होतं, "चार सौ सत्रह नागरिकों की शिकायत पर खिलाड़ी को जाँच पूरी होने तक खेलने से रोका जाता है. उल्लेखनीय है कि अनुक्रमांक 217 पर खिलाड़ी ने स्वयं इस शिकायत का समर्थन किया है, अतः मामला अत्यंत गंभीर प्रतीत होता है."

मारोतरावांनी चष्मा पुसला आणि सोबत जोडलेल्या सह्यांच्या पानांच्या प्रती उलटल्या. दोनशे सोळा, लहानू मेश्राम. दोनशे सतरा, दीक्षा लहानू मेश्राम. गोल, स्वच्छ सही. घर नंबरच्या रकान्यात जागा उरली होती, तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं, "जय भीम काका". पोरीनं स्वतःच्याच बंदीवर सही केली होती आणि वर नमस्कारही केला होता. दोनदा येऊन बोलता आलं नाही, म्हणून त्या रकान्यातून तरी काकांना हाक मारली असेल. मारोतरावांना फार वाईट वाटलं. डोळ्यांत गेली असं सांगायला घरात माती नव्हती, आणि कमलाबाईंनी विचारलंही नाही.

निवड सोमवारी होती. ते तसेच समितीच्या कार्यालयात गेले. तिथला बाबू म्हणाला, "निवेदन वापस लेना है तो कम से कम दो सौ हस्ताक्षर लाइए. खिलाड़ी का तो अनिवार्य है, शिकायतकर्ता वो भी है. शनिवार पाँच बजे तक."

मारोतरावांनी आयुष्यातला सर्वांत छोटा अर्ज लिहिला, चार ओळींचा. पहिली सही कमलाबाईंनी केली. आधीच्या कागदावर सही नसलेल्या मोहल्ल्यातल्या त्या एकट्याच असाव्यात. मग दोघं दारोदार निघाले, आणि मारोतरावांच्या लक्षात आलं की मोहल्ला एकाएकी साक्षर झाला आहे. ज्यांनी वर्षानुवर्षं एक ओळ वाचली नव्हती ते चष्मे शोधू लागले. गुलाबरावांनी तर कागद खिडकीशी नेऊन उजेडात पाहिला.

विक्की म्हणाला, "काका, पिछला वाला भी आपका, ये भी आपका. मग खरा कोणता?"

"हा खरा."

"पिछली बार भी आप रोये थे."

"विक्की, मी चुकलो. मले राग आला होता, पोट्टीचा दोष नाही. सही कर, बापा."

मारोतराव चुकलो म्हणाले हीच मोठी बातमी झाली. ती खरी आहे का हे पाहायला लोक दार उघडत, आणि मारोतरावांना प्रत्येक दारात ते पुन्हा म्हणावं लागे. पन्नासाव्या दारापर्यंत त्यांना ते बरंच जमू लागलं. तरीही काही जण नाहीच म्हणाले. ज्यांना रागावायला आवडलं होतं त्यांना तो राग परत द्यायचा नव्हता. शनिवारी दुपारी तीन वाजता एकशे नव्व्याण्णव सह्या झाल्या. दोनशेवी जागा दीक्षाची होती.

लहानूच्या घरी त्यांच्यावर कुणी रागावलं नाही, हेच अवघड गेलं. लहानूनं खुर्ची पुसून दिली. दीक्षानं पाणी आणलं. "जय भीम, काका."

"बेटा, तू सही कावून केली त्या कागदावर?" विचारायचं दुसरंच होतं, पण हेच तोंडातून निघालं.

"तुमचा कागद होता ना," ती म्हणाली.

मारोतरावांनी नवा अर्ज पुढे केला. "हा घे. आता सगळं ठीक होते. मी हिथं सहीच्या जागी खूण केली हाय."

दीक्षानं कागद घेतला आणि पाटावर बसली. चार ओळी होत्या. तिनं त्या बोट ठेवून वाचल्या. मग पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. मागची पानं उलटून एकेक नाव पाहिलं. मारोतराव घोट घोट पाणी पीत बसले. घाई कर म्हणावं असं वाटलं की ते आणखी एक घोट घेत.

"बरोबर हाय," ती शेवटी म्हणाली. तिनं पेन उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता. "काका, याची झेरॉक्स आना. मंग दोनीवर सही करते. एक मी ठेवून घेते."

लहानू खाली बघत म्हणाला, "अगं, काका हायत ते."

"राहू दे, लहानू," मारोतराव उठत म्हणाले. "बरोबर बोल्ली ती."

तिचं खरंच बरोबर होतं. पाच वाजायला अजून वेळ होता. झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती, म्हणून मारोतराव कागद छातीशी धरून रांगेत उभे राहिले.