तेल वापरलेलंच हवं

"आजपासून मी पेट्रोलपंपाची पायरी चढणार नाही," विमासाहेबांनी जेवताना जाहीर केलं. पंपाला पायरी नसते, हे त्यांच्या बायकोने मनातच ठेवलं. विमा कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या अपघातांचे कागद तपासणाऱ्या माणसाला घरी आल्यावर स्वतःचा एखादा अपघात हवासा वाटतो, हे तिला लग्नानंतर लगेचच कळलं होतं.

"मग गाडी कशावर चालवणार?"

"घरच्या डिझेलवर. तळून टाकून दिलेलं तेल घ्यायचं, त्यात कॉस्टिक सोडा आणि मिथेनॉल घालायचं आणि ढवळायचं. खाली गाळ, वर डिझेल. पोरखेळ आहे."

"मग पोरांनाच करू द्या की."

साहेबांनी तिकडे काणाडोळा केला. खरी गोष्ट वेगळीच होती. रविवारी सासरे येणार होते. सासरे म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी उभ्या हयातीत कुणाला पैकीच्या पैकी गुण दिले नव्हते आणि जावयाला तर काठावर पास केलं होतं, तेही मुलीने हट्ट धरला म्हणून. त्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'छान' हा शब्द ऐकायला मिळावा, एवढीच साहेबांची इच्छा होती. स्टँडवरून त्यांना घरच्या डिझेलवर आणायचं आणि वाटेत सहज सांगितल्यासारखं सांगायचं, असा बेत होता.

साहेब आधी ऑफिसच्या कॅन्टीनवाल्याकडे गेले.

"टाकाऊ तेल?" कॅन्टीनवाला दुखावला. "साहेब, आमच्याकडचं तेल कधी टाकाऊ होतच नाही."

साहेब तिथे रोज जेवत असत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरून डबा न्यायला सुरुवात केली.

कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याने आपलं तेल आधीच दुसऱ्या कुणाला कबूल केलं होतं. बेकरीवाला तर ऐकूनही घेईना. दुसऱ्या कुणी हात टेकले असते, पण साहेबांनी डोकं चालवलं. संध्याकाळी ते खांद्यावर तेलाचा नवा कोरा डबा घेऊन घरी आले.

"हे कशाला?"

"वापरायला. तेल वापरलेलंच हवं. कुणी देत नाही, तर आपणच वापरायचं."

बायकोने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. ही थट्टा नाही हे लक्षात आल्यावर ती खाली बसली.

मग घरात तळण सुरू झालं. आधी बटाटे तळले, मग कांदे, वांगी, भोपळा आणि शेवटी पावाच्या कडा. ऑफिसातून आले की साहेब टायसुद्धा न सोडता कढईपुढे उभे राहायचे. पडदे तेलकट झाले, उशांना बटाट्याचा वास येऊ लागला. सुरुवातीला शेजारीण तळणाची बशी हसत हसत घ्यायची. पुढे पुढे बेल वाजली की ती टीव्ही बंद करून गप्प बसू लागली.

शनिवार उजाडला तरी तेल सोन्यासारखं पिवळंच होतं. साहेबांचा धीर सुटला. सिंकमधले बटाटे त्यांनी तसेच पाण्यासकट कढईत लोटले. कढईत जणू फटाक्यांची माळ लागली. साहेब झाकणाची ढाल करून दाराआड उभे राहिले.

"अहो, पाणी तरी निथळू द्या," बायको म्हणाली.

"आता वेळ कुठे आहे?"

तेल गार होताच गॉगल, हातमोजे आणि बायकोचा रेनकोट अशा थाटात साहेबांनी गॅलरीत पिंप मांडलं, तेल, कॉस्टिक सोडा, मिथेनॉल सगळं ओतलं आणि दंड भरून येईपर्यंत ढवळलं. रविवारी सकाळी त्यांनी झाकण काढलं. आत डावाने ढवळावं तर डाव हलेना. सोडून दिला तर तसाच ताठ उभा राहिला.

"दोन थर व्हायला हवे होते," साहेब पुटपुटले.

"एकच झालाय," बायको म्हणाली. "पण भरपूर झालाय."

पंपाशी अबोला धरल्यापासून गाडीचा काटा शून्यावर आडवा झाला होता. सासऱ्यांनी स्टँडवर बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी बॅग उचलून उन्हातून चालत आले. दारातच त्यांनी नाक वर केलं. मुलीने त्यांना पाणी दिलं आणि सगळी हकीकत एका दमात सांगितली. साहेब खाली मान घालून वर्गाबाहेर उभं केल्यासारखे उभे होते.

"नवं तेल चाललं नसतं का?" सासऱ्यांनी विचारलं.



"चाललं असतं," साहेब म्हणाले. "उलट जास्त चांगलं."

"आणि या तेलात पाणी होतं?"

"बटाटे ओले होते," बायको म्हणाली.

सासरे उठले. त्यांनी जावयाचे हातमोजे चढवले, पिंपातला एक गोळा काढला आणि आठवडाभर तळून तळून काळी ठिक्कर पडलेली कढई नळाखाली घासायला घेतली. पांढरा फेस कोपरापर्यंत आला. कढई नव्यासारखी निघाली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली.

"छान," ते म्हणाले. "साबण छान झालाय."

साहेबांना भरून आलं. डिझेल, गाडी, उन्हातून चालत आलेले सासरे, सगळं ते विसरले.

"हो ना, बाबा?" ते म्हणाले. "मला साबणच करायचा होता."

सासऱ्यांनी कढई खाली ठेवली आणि चष्म्यावरून जावयाकडे पाहिलं.

"खोटं बोलल्याबद्दल गुण कापतो," ते म्हणाले. "म्हणजे पुन्हा काठावरच पास."