रिप्लाय आला पाहिजे

आमच्या खोलीवर निवांत अंघोळ करणं कोणालाच जमलं नाही. अंगाला साबण लागला की दारावर टकटक व्हायची आणि बाहेरून आवाज यायचा, "हायेस काय बे?" आतून "हाओ" म्हणावंच लागायचं, नुसतं खाकरून भागत नसे. एकदा आमच्या सुधीरनं मुद्दाम उत्तर दिलं नाही, तर बाहेरच्यानं खांदा लावून कडीच उखडली. सुधीर बादलीमागे दडून शिव्यांची लाखोली वाहत होता आणि हा दारात उभा राहून हसत होता. "हायेस ना! मंग बोलाले काय होते? रिप्लाय आला पाह्यजे."

हा प्रल्हाद. महागावजवळच्या एका खेड्यातला, उंच, काटकुळा, शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावणारा. यवतमाळच्या कॉलेजात आम्ही नेटवर्क इंजिनिअरिंग शिकत होतो आणि एकाच खोलीत राहत होतो. मी पुसदच्या कारकुनाचा मुलगा. मला शेतीतलं काही कळत नव्हतं आणि त्याला शहरातलं, त्यामुळे आमचं छान जमलं.

पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी 'पिंग' शिकवलं. म्हणजे एका कॉम्प्युटरनं तारेवरून दुसऱ्याला 'आहेस का?' विचारायचं आणि दुसऱ्यानं 'आहे' म्हणायचं. उत्तर आलं नाही तर वेळ संपल्याचं पडद्यावर उमटतं. आम्ही थोडा वेळ करून कंटाळलो. प्रल्हाद तास संपला तरी उठेना. उत्तरांच्या ओळी एकाखाली एक येत होत्या आणि हा आरतीला उभा असल्यासारखा बघत होता. "पाह्य ना बे, कसं पटापट उत्तर देऊन राह्यलं!" त्या दिवशी त्याचं नाव पिंग्या पडलं.

मग पिंग्यानं कोणाला सोडलं नाही. झोपलेल्याला हलवून विचारायचा, वर्गात मागच्या बाकावर वळून विचारायचा. मेसवाल्या काकूंना तर रोज दारातूनच, "काकू, हायेत ना?" एकदा त्या पोळ्या लाटून वैतागल्या होत्या. म्हणाल्या, "नाई, मेली मी! जेव आता गुपचूप." आम्ही खो खो हसलो. पिंग्यानं ताट खाली ठेवलं. "असं नोका बोलू, काकू," एवढंच म्हणाला आणि न जेवता उठला. दुसऱ्या दिवशी काकूंनी दारातच सांगितलं, "हाये रे बाबा, हाये. ये."

दिवेलागणीला तो गच्चीवर जायचा. घरी त्याचे बाबा एकटेच होते, आई लहानपणीच गेलेली. बाबांना एक मिस्डकॉल द्यायचा आणि फोन हातात धरून उभा राहायचा. तिकडून एक रिंग आली की शीळ घालत खाली यायचा. मिस्डकॉल आम्ही सगळेच द्यायचो, पण आम्हाला मागाहून घरून फोन यायचा, बोलणं व्हायचं. यांचं बोलणं कधीच नाही. मी एकदा विचारलं, "काहून बोलत नाईस बे बाबांशी?"

"बोललो तं दोघांईले खोटं बोला लागते. तो म्हणन पऱ्हाटी चांगली हाये, मी म्हणन पोटभर जेवतो. मिस्डकॉल खोटा नसते."

पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, ती वर्षं आमच्या जिल्ह्यानं कशी काढली ते जिल्ह्यालाच ठाऊक. खेड्यावरची पोरं सकाळी पेपरात आधी जिल्ह्याचं पान बघायची, आत्महत्येच्या बातमीत आपल्या गावाचं नाव नाही ना म्हणून. पिंग्या ते पान कधी उघडत नसे.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी त्याला विचारलं, "पिंग कशासाठी वापरतात?"

"समोरचा जित्ता हाये का नाई, ते पाह्याले, सर."

आम्ही हसू दाबत होतो. सर म्हणाले, "बरं. आणि उत्तर नाही आलं तर?" त्यांना तार तपासायची, कॉम्प्युटरमधलं कार्ड नाहीतर पत्ता तपासायचा, असं काहीतरी हवं होतं.

"मंग घरी जा लागते, सर."

वर्ग हसत सुटला. सर मात्र हसले नाहीत.

नेटवर्कच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी रिप्लाय आला नाही. पिंग्या पुनःपुन्हा फोन लावत राहिला, मग चपला घालून निघाला. त्याचा चेहरा बघून मीही निघालो. मिळेल त्या एसटीत बसलो. वाटेतलं आर्णी मागे पडलं. तेव्हा तो माझा हात धरून म्हणाला, "हायेस ना बे?"

"हाओ," मी म्हणालो.

घरी पोचलो तर बाबा चुलीपुढे बसले होते. फवारणीचं पाणी भरताना खिशातला फोन ड्रमात पडला होता आणि त्याचे सुटे भाग चुलीजवळ वाळत होते.

"तू काहून आला? उद्या पेपर हाये ना तुया?"

"रिप्लाय नाई आला, बाबा."

म्हातारा आधी समजला, मग मी. त्यांनी पोराला जवळ ओढलं. "मी तसं काई करन, असं वाटलं काय रे तुले?"

"नाई," पिंग्या म्हणाला. तो बापाशी धडधडीत खोटं बोलला, आणि दोघं गळ्यात पडून रडले. सकाळची एसटी वाटेत बंद पडली आणि आम्हा दोघांचाही पेपर बुडाला.

पुढे तो पुण्यात एका कंपनीचं नेटवर्क सांभाळायला लागला, मी पुसदला परतलो. त्याचे बाबा मोठ्या आजारानं गेले, पोराच्या मांडीवर डोकं ठेवून. तेरवी झाली आणि त्याच दिवेलागणीला माझा फोन एकदाच वाजून बंद झाला. मी समजलो. एक रिंग उलटी दिली. आता बोलायला पैसे पडत नाहीत, तरी आमचं हे रोज चालू आहे. त्यानं लग्न केलं नाही.

मागच्या हिवाळ्यात एकदा मी फोन ऑफिसातच विसरलो. सकाळी अंगाला साबण लावला होता आणि बाथरूमच्या दारावर टकटक झाली.

"हायेस काय बे?"

रात्रभर बसचा प्रवास करून तो पुण्याहून आला होता.

"हाओ," मी आतून म्हणालो. माझ्या डोळ्यांत साबण गेला होता का काय कोण जाणे. त्याला हा प्रश्न विचारणारं आता कोणी उरलं नव्हतं. मी दाराला हात टेकून विचारलं, "आन् तू? तू हायेस ना, पिंग्या?"

रिप्लाय यायला वेळ लागला. हुंदका आवरून तो म्हणाला, "हाओ बे. हाये."